जाणते होण्याच्या तीन कथा

मूल 'मोठे झाले' असे आपण म्हणतो, आणि 'जाणते झाले' असेही म्हणतो. ह्या दोन शब्दप्रयोगांत बरेच अंतर आहे. मोठे होणे वयाच्या हिशेबाने घडते. जाणते होणे एखाद्या प्रसंगाने घडते. कित्येकांच्या बाबतीत ते घडतच नाही. भाषांतराच्या कामात हा भेद मला वारंवार भेटला आहे. नव्या करारातील 'तेलेइऑस' हा ग्रीक शब्द मराठीत कोठे 'पूर्ण' असा, तर कोठे 'प्रौढ' असा आणावा लागतो. त्याच्या मुळाशी 'तेलॉस' हा शब्द असून त्याचा अर्थ शेवट किंवा उद्दिष्ट असा आहे. म्हणजे ज्यासाठी माणूस घडला तेथवर पोहोचणे, हे प्रौढत्व होय.

लघुकथेला हा विषय विशेष मानवतो. कादंबरी नायकाची वीस वर्षे सांगू शकते. लघुकथेच्या हाती बहुधा एखादा दिवस किंवा एखादा ऋतू असतो. म्हणून मूल ज्या वळणावर पूर्वीसारखे राहत नाही, तेवढे वळणच ती दाखवते. अशा तीन कथा आपण अभ्यासासाठी घेऊ या. त्या वाचताना नेहमी मुलाकडे लक्ष दिले जाते. ह्या वेळी मुलाशेजारी उभ्या असलेल्या मोठ्या माणसाकडेही पाहू या.

१. उशिरा मिळालेले नाणे

जेम्स जॉइस ह्या आयरिश लेखकाची 'अ‍ॅरबी' ही कथा त्याच्या 'डब्लिनर्स' (१९१४) ह्या संग्रहात तिसरी आहे. कथेतील मुलगा डब्लिनमधील एका बंद गल्लीत काका-काकूंजवळ राहतो. त्या घरात पूर्वी एक धर्मगुरू राहत असत. तेथेच ते वारले. मित्राच्या बहिणीवर मुलाचे मन जडले आहे. 'अ‍ॅरबी' नावाच्या बाजाराला जाण्याची तिची इच्छा असते, परंतु त्याच आठवड्यात तिच्या कॉन्व्हेंटमध्ये रिट्रीट असल्याने तिला जाता येत नाही. "मी गेलो तर तुझ्यासाठी काहीतरी आणीन," असा शब्द मुलगा देतो.

शनिवारी सकाळी तो काकांना आठवण करून देतो. तरीही काका रात्री नऊ वाजता, स्वतःशी बडबडत घरी येतात. ते ही गोष्ट विसरलेले असतात. काकू मध्ये पडते तेव्हा कोठे दोन शिलिंगांचे नाणे मुलाच्या हाती येते. दहाला दहा मिनिटे असताना तो बाजाराशी पोहोचतो. एक शिलिंग प्रवेशालाच जाते. बहुतेक दुकाने बंद झालेली, सभागृहाचा मोठा भाग अंधारात. एका दुकानातील तरुणी दोन गृहस्थांशी थट्टामस्करी करीत असते. ती केवळ कर्तव्य म्हणून त्याला काय हवे ते विचारते. तो काहीही न घेता मागे फिरतो. दिवे मालवतात आणि त्या अंधारात त्याला स्वतःची पोकळ हौस दिसते. वेदना आणि संताप ह्यांनी त्याचे डोळे जळू लागतात.

अशा एकाएकी उलगडणाऱ्या क्षणाला जॉइस 'एपिफनी' म्हणत असे. ६ जानेवारीला येणाऱ्या प्रकटीकरणाच्या सणाचेच हे नाव आहे. परंतु ह्या मुलाला झालेल्या प्रकटीकरणात सांत्वन नाही. तो स्वतःला पाहतो आणि तेथेच थांबतो. त्याच्या जाणतेपणाची ही पहिली, कडू पायरी आहे.

विद्यार्थिदशेत मी ही कथा त्या मुलाची म्हणूनच वाचली होती. पुढे एका संध्याकाळी मुद्रिते तपासण्याच्या भरात मुलाला दिलेला शब्द मी साफ विसरलो. घरी पोहोचलो तेव्हा तो बाहेर जाण्याचे कपडे अंगावर तसेच ठेवून झोपी गेला होता. त्यानंतर कथा पुन्हा हाती घेतली, तेव्हा मला प्रथम काका दिसले. ते दुष्ट नाहीत. ते केवळ विसरले. मुलाला मात्र ते विसरणे आयुष्यभर आठवणार होते.

२. न मिळालेली सुट्टी

रवींद्रनाथ ठाकूरांची 'छुटी' ही बंगाली कथा १८९२ सालची. फटिक हा गावातील खोडकर पोरांचा म्होरक्या. त्याची आई विधवा. त्याचा मामा शिक्षणासाठी त्याला कलकत्त्याला नेतो. फटिक आनंदाने निघतो. परंतु मामीला स्वतःची तीन मुले आहेत आणि हा वाढीव मुलगा तिला नकोसा वाटतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलासारखी दुसरी पीडा नाही, असे ठाकूर येथे वरकरणी थट्टेने लिहितात. त्या वयात लाडिक बोलणे शोभत नाही आणि मोठ्यांसारखे बोलणे आगाऊपणाचे ठरते. अंग एकाएकी वाढते, आवाज फुटतो, आणि ह्या दोन्हींबद्दल जणू मुलालाच अपराधी धरले जाते. ह्याच वयाला मायेची भूक सर्वांत जास्त असते, हे ठाकूरांचे खरे म्हणणे आहे.

घरी कधी जायचे, असे फटिक विचारतो. शाळेला सुट्टी लागली की, असे मामा सांगतो. मग शाळेचे पुस्तक हरवते, मामीचे बोलणे सोसावे लागते, ताप येतो. आपल्या आजाराचा भार कोणावर पडू नये म्हणून तो भर पावसात निघून जातो. पोलीस त्याला परत आणतात. आई येऊन पोहोचते तेव्हा, आपल्याला आता सुट्टी लागली आहे, असे तो भ्रमात तिला सांगतो.

फटिकमध्ये जाणतेपणाचा अंकुर होता. आपण दुसऱ्याला जड होत आहोत हे त्याला कळले होते. परंतु ते कळल्यावर त्याचा हात धरणारे त्या घरात वेळेवर कोणी नव्हते. मामाचे प्रेम खरे होते. ते रोजच्या वागण्यात उतरण्यास फार उशीर झाला.

३. तीन पैशांचा चिमटा

प्रेमचंदांची 'ईदगाह' (१९३३) आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांना ती शाळेच्या हिंदी पुस्तकातही भेटते. हामिद चार-पाच वर्षांचा, आईबाप नसलेला. आजी अमीना शिवणकाम करून दिवस काढते. ईदच्या दिवशी घरात दोनच आणे उरले आहेत; त्यांतील तीन पैसे हामिदच्या खिशात आणि पाच तिच्या बटव्यात. मित्र मातीची खेळणी घेतात: शिपाई, भिश्ती, वकील. मिठाई खातात. हामिद लोखंडी सामानाच्या दुकानाशी थांबतो. तव्यावरून पोळ्या काढताना आजीची बोटे भाजतात हे त्याला आठवते, आणि तो तीन पैशांना चिमटा घेतो.

'अ‍ॅरबी'तील मुलगा आणि हामिद दोघेही थोडके पैसे घेऊन बाजारात जातात. एकाची दृष्टी स्वतःवर येऊन थांबते, तर दुसऱ्याची दुसऱ्याच्या भाजलेल्या बोटांपर्यंत जाते. हे अंतर वयाचे नाही. हामिद तर कितीतरी लहान आहे.

ही कथा त्यागाचा धडा म्हणून सांगण्याची आपली रीत आहे. परंतु प्रेमचंद चिमट्यापाशी थांबत नाहीत. अमीना आधी रागावते: पोराने दुपारपर्यंत काही खाल्ले नाही, प्यायले नाही, आणि आणले काय तर चिमटा! कारण कळताच ती लहान मुलीसारखी रडू लागते. हामिद म्हातारा झाला आणि अमीना बालिका झाली, असा हा उलटा प्रकार आहे. तिच्या रडण्यात अभिमान आहे, तसे दुःखही आहे. पाच वर्षांच्या मुलाला इतके जाणते व्हावे लागले, हे काही शुभचिन्ह नव्हे. दारिद्र्याने त्याचे बालपण अकाली खर्च झाले. म्हणून 'हामिदसारखे व्हा' एवढेच मुलांना सांगणे अपुरे, किंबहुना अन्यायाचे आहे.

तरीही हामिदचे मन कोरडे पडले नाही. ह्याचे कारण अमीना आहे. त्याच्या पायांत जोडे नाहीत, तीन कोस तो कसा चालेल, ह्या काळजीने ती सकाळपासून व्याकूळ होती. जो सतत कोणाच्या तरी दृष्टीत असतो, तोच पुढे दुसऱ्याकडे पाहण्यास शिकतो.

समारोप

तीन मुले, तीन घरे. काकांजवळ पैसा होता, पण स्मरण नव्हते. मामाजवळ प्रेम होते, पण लक्ष नव्हते. अमीनाजवळ आठ पैसे होते आणि तिने आपले सर्व लक्ष त्या मुलाला दिले. जाणते होण्याची धडपड मुलाची असते, हे खरे. ती वाट मात्र घरातील मोठ्यांच्या अंगणातून जाते. ह्या कथा मुलांच्या हाती जरूर द्याव्यात, परंतु त्यापूर्वी आपण त्या एकदा आपल्यासाठी वाचाव्यात.

चर्चेसाठी प्रश्न

१. तिन्ही कथांत मुलाला काय कळते? ते कळताना त्याच्याजवळ कोण आहे?
२. 'छुटी'मध्ये मामाने कोणत्या प्रसंगी वेगळे वागायला हवे होते?
३. आपल्या घरातील तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला वा मुलीला दिलेला कोणता शब्द अद्याप पाळायचा राहिला आहे?