बॅटरी नजरेसमोर हवी

परवा रात्री अकरा वाजता भाच्याचा फोन आला. "मावशी, टॉर्च चेक-इनला टाकू की हातात ठेवू?" दोन दिवसांनी तो अंदमानला निघाला होता, हॅवलॉकला, आयुष्यातल्या पहिल्या नाइट डाइव्हसाठी. मी पाऊण तास बोलत बसले. फोन ठेवल्यावर वाटलं, हे सगळं एकदा लिहूनच काढावं. चौदा वर्षं मी डाइव्हिंग करतेय आणि टॉर्चवर माझा फार जीव आहे. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळून टाकतं. पंधरा-वीस मीटरवर लालभडक पोवळंही राखाडी दिसतं आणि टॉर्चचा झोत पडला की क्षणात पेटून उठतं. रात्री खडकाच्या कपारीत पॅरटफिश स्वतःभोवती चिकट पदार्थाची पारदर्शक पिशवी विणून झोपलेला असतो, तोही टॉर्चशिवाय दिसायचा नाही. पण हा टॉर्च समुद्रापर्यंत न्यायचा तर विमानातून न्यावा लागतो आणि तिथे प्रश्न टॉर्चचा नसतो, बॅटरीचा असतो.

१. सुटी बॅटरी चेक-इनच्या बॅगेत कधीही नाही.

हे मी चूक करून शिकले. घाईत चार सेलची डबी फिन्सच्या खाली चेक-इनच्या बॅगेत राहून गेली. पोर्ट ब्लेअरला पट्ट्यासमोर मी शेवटची उभी होते आणि बॅग आलीच नव्हती. ती दुसऱ्या दिवशी आली, सेल काढून घेतलेली. त्या संध्याकाळची नाइट डाइव्ह गेली. चूक पूर्णपणे माझी होती.

तोवर हा नियम मला नुसता कटकटीचा वाटायचा. त्यामागचं कारण समजून घेतलं आणि माझं मत बदललं. लिथियम-आयन सेल आतून तापायला लागला की तो स्वतःच्याच उष्णतेने आणखी तापत जातो आणि शेजारच्या सेललाही पेटवतो. सामानाच्या कप्प्यात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आत चाललेली प्रक्रिया थांबवू शकत नाही. त्यासाठी सेल थंड करावा लागतो, म्हणजे भरपूर पाणी ओतावं लागतं, आणि ते करायला तिथे माणूस लागतो. केबिनमध्ये धूर कुणाला तरी दिसतो आणि कर्मचारी धावून येतात. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेलं यूपीएसचं मालवाहू बोइंग ७४७ आगीमुळे कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. त्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. उलट जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी पेटलं. आग डोक्यावरच्या सामानकप्प्यात लागली होती, पॉवर बँकेतून लागली असावी असं तपासात पुढे आलं. पण ती लगेच दिसली आणि विमानातले सगळे बाहेर पडू शकले. म्हणून माझी डबी आता वरच्या कप्प्यातही जात नाही. पायाशी ठेवलेल्या छोट्या पिशवीत असते.

२. वॅट-अवर स्वतः काढून ठेवा.

तपासणीच्या वेळी महत्त्वाचा आकडा हाच. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणायचं. टॉर्चमधला नेहमीचा १८६५० सेल (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी) ३.६ व्होल्ट आणि ३४०० एमएएचचा, म्हणजे ३.४ अँपिअर-अवरचा असेल, तर ३.६ गुणिले ३.४, म्हणजे सव्वाबारा वॅट-अवरच्या आसपास. २१७०० जातीचा ५००० एमएएचचा सेल अठराचा. १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी केबिनमध्ये चालते. १०० ते १६० मधली न्यायची तर विमान कंपनीची परवानगी हवी, आणि अशा सुट्या दोनच नेता येतात. १६० च्या वरची प्रवाशाला नेताच येत नाही. किती सुटे सेल चालतील हे कंपनीगणिक बदलतं, तेव्हा तिकीट काढतानाच विचारून घ्यावं.

खरी गंमत मोठ्या व्हिडिओ लाइटच्या पॅकमध्ये आहे. ६.८ अँपिअर-अवरच्या पॅकवर १४.४ व्होल्ट छापलेलं असेल तर हिशेब ९७.९ येतो. तोच पॅक दुसऱ्या उत्पादकाने १४.८ व्होल्टचा म्हणून विकला तर १००.६. आतले सेल तेच, पण एक सरळ पुढे जातो आणि दुसऱ्याला परवानगी लागते. खरेदी करताना छापलेला आकडा बघा. छपाई पुसट झाली असेल तर तो सेल प्रवासाला नेऊ नका, कारण आकडा वाचता येत नसेल तर तपासणाऱ्याने तो कशाच्या भरवशावर सोडायचा?

३. टॉर्च आणि बॅटरी एकमेकांपासून वेगळे करा.

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा.

डाइव्ह टॉर्च पाण्यासाठी बनवलेला असतो. त्याचं डोकं थंड ठेवण्याचं काम आजूबाजूचं पाणी करतं. हवेत, त्यातही बंद बॅगेत, तो तापत जातो. माझ्या जुन्या टॉर्चला बटण नव्हतं, डोकं पिळलं की लागायचा. हॅवलॉकच्या जेट्टीकडे जाताना जीपमध्ये मला करपलेल्या रबराचा वास आला. आधी वाटलं गाडीचा क्लच असेल. मग पायाजवळच्या बॅगेला हात लागला आणि ती कोमट होती. चेन उघडली तर आत उजेड. टॉर्च वेटसूटच्या घडीत रुतून बसला होता, आणि धक्क्यांनी डोकं अर्धा वेढा फिरलं होतं. सूटला रुपयाएवढं भोक पडलं होतं, कडा चिकट आणि चकचकीत. शेजारचा हातमोजा टॉर्चच्या काचेला वितळून चिकटला होता. ती बॅग संध्याकाळच्या आत विमानाच्या पोटात जाणार होती. तो सूट मी अजून टाकलेला नाही, नव्या मुलांना ते भोक दाखवते.

पुढे कळलं की आंतरराष्ट्रीय नियमांमध्ये अति उष्णता निर्माण करणाऱ्या उपकरणांचं उदाहरण देताना डाइव्ह टॉर्चचं नावच घेतलेलं आहे. तसा टॉर्च नेताना दिवा आणि बॅटरी एकमेकांपासून तोडायची, म्हणजे बॅटरी, दिवा किंवा फ्यूज यांपैकी काहीतरी काढायचं, आणि विमान कंपनीला आधी विचारायचं. नुसतं लॉकचं बटण पुरेसं नाही. बॅटरी बाहेर काढता येत नाही असा शक्तिशाली टॉर्च मी विकतच घेत नाही.

४. सेलचं कव्हर तपासा.

एक १८६५० हातात घ्या आणि वरच्या टोकाकडे नीट बघा. मधोमध धनाग्राचं बटण, त्याभोवती पांढरी चकती, आणि चकतीला लागून सेलच्या धातूच्या डब्याची कड. हा अख्खा डबा ऋणाग्र असतो. दोघांच्या मध्ये अंतर असतं फार तर दोन-तीन मिलिमीटरचं, आणि बाहेरून असतं ते नखाने सोलता येईल असं प्लॅस्टिकचं पातळ वेष्टन. ते वेष्टन तिथे फाटलं आणि किल्लीचा जुडगा किंवा नाणं आडवं पडलं की शॉर्ट. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सेलवर चढवायची वेष्टनं मिळतात. नवं वेष्टन गरम हवेने बसवायला दोन मिनिटं लागतात. माझा प्रत्येक सेल प्लॅस्टिकच्या डबीत वेगळ्या खणात असतो. डबी नसेल तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा.

५. '९९०० एमएएच' छापलेला १८६५० घेऊ नका.

चांगल्या उत्पादकाचा नेहमीचा सेल ३५०० च्या आसपास थांबतो. जो आकड्याबद्दल खोटं बोलतो, त्याने आत काय भरलंय यावर मी तरी विसंबणार नाही.

६. विमानाच्या पायरीशी हातातली बॅग मागितली, तर बॅटऱ्या आधी काढून घ्या.

कोचीहून अगत्तीला जाणारं विमान लहान, वरचे कप्पे त्याहून लहान. पायरीशी कर्मचारी म्हणाला, "मॅडम, ही बॅग खाली ठेवू या." मी "हो" म्हणून मोकळी झाले आणि दोन पावलांवर आठवलं. परत फिरून डबी काढली. म्हणून आता बॅटऱ्यांची पिशवी कॅमेऱ्याच्या बॅगेत सगळ्यात वर असते, एका हाताने उचलता येईल अशी.

७. तपासणीला विचारायच्या आधी दाखवा.

कॅनिस्टर लाइट म्हणजे एक नळकांडं, त्यातून निघालेली जाड वायर आणि टोकाला दिवा. क्ष-किरणांच्या पडद्यावर ते कसं दिसत असेल याची कल्पना करा. मी ते ट्रेमध्ये सुटंसुटं मांडते. नळकांडं उघडं, सेलची डबी पारदर्शक, आकडे वरच्या बाजूला. "समंदर के नीचे का टॉर्च है, बैटरी अलग रखी है," एवढं एक वाक्य बोलते. तरी कधीकधी अडतं. एका विमानतळावर माझे साधे पेन्सिल सेलही काढून ठेवले गेले, सुटे सेल नकोत म्हणून. वाईट वाटलं, पण वाद घातला नाही. त्या जवानासमोर तासाला शेकडो बॅगा येतात आणि त्याला प्रत्येकीबद्दल काही सेकंदांत निर्णय घ्यायचा असतो. मी घरून एक तास आधी निघते. तो तास माझ्याकडे आहे, त्याच्याकडे नाही.

८. परतीच्या १८ तासांत बॅटऱ्यांचं काम उरका.

अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायचं असतं, शरीरातला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून. त्याच वेळात टॉर्च गोड्या पाण्यात भिजवते, पुसते, उघडते आणि सेल निम्म्यापर्यंत उतरवते. प्रवाशाला तसं बंधन नाही, पण अर्धा भरलेला सेल बिघडलाच तर त्यातून बाहेर पडणारी ऊर्जा कमी असते.

टॉर्चमध्ये पाणी शिरलं असेल तर तो सेल घरी आणायचा नाही. कोरडा दिसतो, व्होल्टही बरोबर दाखवतो, पण खारं पाणी आत कुठे पोचलंय ते बाहेरून कळत नाही, आणि खराब झालेली बॅटरी विमानात नेताही येत नाही. हॅवलॉकला माझे दोन सेल असे गेले. डाइव्ह सेंटरवाल्यांनी त्यांना वाळूच्या डब्यात, उघड्यावर, झाडापासून दूर ठेवलं. बोटीने पोर्ट ब्लेअरला ई-कचऱ्यात पाठवायची जबाबदारी त्यांनीच घेतली.

शेवटी टॉर्चच्या झाकणातली रबरी ओ-रिंग काढून ठेवते. केबिनमध्येही हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. घट्ट बंद टॉर्चमधली हवा वर जाताना थोडी निसटते आणि खाली उतरल्यावर झाकण असं आवळून बसतं की हाताने निघत नाही. ती काळी रिंग माझ्या पाकिटात, एका छोट्या पुडीत असते. भाच्यालाही तशी एक पुडी दिली, दोन जादा रिंगा आणि सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी घालून.