पोरकें पाडस व त्याचा स्वभाव

जंगलालगतच्या शेतांत चितळाचें पाडस एकटें आढळलें, तर तें पोरकें आहे असें लागलींच समजूं नये. मादी पहिले कांहीं दिवस पिल्लास गवतांत लपवून स्वतः दूर चरते व पाजण्यापुरती परत येते. सबब त्यास हात न लावतां कुत्रीं बांधावीं व दूर व्हावें. आई मेली अशी खात्री असेल किंवा पाडस जखमी असेल, तरच वनखात्यास कळवावें. महाराष्ट्रांत त्यासाठीं १९२६ हा दूरध्वनि क्रमांक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें असें पाडस घरीं पाळतां येत नाहीं.

संगोपन जाणत्या माणसाचें काम आहे. दूध कोमट असावें. थोडें थोडें व वारंवार पाजावें. मान फार उंच केल्यास दूध फुप्फुसांत जातें. आई चाटते तेव्हांच तान्ह्या पाडसास मलमूत्र होतें. म्हणून पाजल्यावर ओल्या कोमट फडक्यानें शेपटीखालीं हलकेंच चोळावें लागतें.

एका शेळीचीं दोन करडें एका स्वभावाचीं नसतात, हें शेतकरी बंधु जाणतातच. हरणांचेंहि तसेंच आहे. आयर्लंडांत डब्लिन येथील फीनिक्स पार्कांतील फॅलो हरणांच्या नवजात पाडसांवरील अभ्यास २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. हातीं धरून सोडल्यावर कांहीं पाडसें झटकन् पळालीं, कांहीं निपचित पडून राहिलीं. व हा फरक ज्याच्या त्याच्या ठायीं बहुतांशीं कायम दिसला.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. निपचित पडलेलें पाडस माणसाळलें असें मानूं नये. भयानेंहि तें तसें पडतें, आणि गर्दी व हाताळणी वाढल्यास त्या धसक्यानेंच दगावतें. त्यास झांकलेली, शांत जागा द्यावी. उलट जें धीट पाडस बाटलीमागें धांवत येतें, तें सर्वांचें लाडकें होतें. पण खरा धोका त्यालाच. माणसाची भीति गेली कीं, तें रानांत सोडल्यावरहि वस्तीकडे वळतें व कुत्र्यांच्या तोंडीं पडतें. नर असल्यास शिंगें आल्यावर माजाच्या दिवसांत पोसणाऱ्यावरच चालून जातो. म्हणून पाजणारा एकच असावा, त्यानें लाड करूं नयेत, आणि पाडस शक्य तितकें स्वजातीच्या सोबतींत वाढवावें.

पाडसावर माया करावी, पण त्यास आपल्या मायेची संवय लावूं नये. कारण त्यास शेवटीं कळपांतच नांदावयाचें आहे.