परदेशातील आरोग्य-आणीबाणीसाठी आपला कर्मचारी पाठवताना

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा सास्तूर-उमरगा भागातल्या जखमींसाठी बाहेरगावचे डॉक्टर आणि परिचारिका धावून आल्या होत्या. आज त्याच धाराशिव जिल्ह्यातील रुग्णालय किंवा स्वयंसेवी संस्थाही दुसऱ्या देशाच्या मदतीला आपला माणूस देऊ शकते. अशा तात्पुरत्या वाढीव मनुष्यबळाला ‘सर्ज स्टाफ’ म्हणतात. त्यासाठी पुढील क्रम पाळावा.

1. मागणीची वाट पाहावी. जागतिक आरोग्य संघटनेचे ‘गोआर्न’ हे भागीदार संस्थांचे जाळे 2000 पासून साथींच्या वेळी तज्ज्ञ पाठवते. देश मदत मागतो, ती मागणी भागीदारांना कळवली जाते आणि मग संस्था नावे सुचवतात. आपली संस्था या जाळ्यात नसेल, तर भागीदार संस्थेमार्फत किंवा केंद्र सरकारच्या पथकातून जावे. स्वतःहून तिकीट काढून पोहोचलेला डॉक्टर तिथल्यांना भारच होतो.

2. काम पाहून माणूस निवडावा. साथीत शल्यचिकित्सकापेक्षा रुग्णशोध, प्रयोगशाळा, संसर्ग-नियंत्रण आणि लोकांशी संवाद साधणारी माणसे जास्त लागतात. गावोगाव सर्वेक्षण केलेला आरोग्य पर्यवेक्षक इथे फार उपयोगी ठरतो.

3. मागची जागा आधी भरावी. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी तीच राहून जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रातली एक परिचारिका सहा आठवडे गेली, तर लसींच्या शीतपेटीचे तापमान सकाळ-संध्याकाळ कोण नोंदवणार? ते 2 ते 8 अंशांतच राहायला हवे. क्षयरुग्णांच्या गोळ्या, जोखमीच्या गरोदर मातांची यादी, कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे? प्रत्येक कामापुढे बदली व्यक्तीचे नाव लिहावे, तिला दोन दिवस सोबत काम करू द्यावे आणि कार्यभार-यादीवर दोघींच्या सह्या घ्याव्यात. नाव सापडत नसेल, तर या वेळी नकार कळवावा. त्यात कमीपणा नाही.

4. कागद पक्के करावेत. शासकीय कर्मचाऱ्याला विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. गोआर्नमार्फत जाणाऱ्याचा प्रवास आणि दैनिक भत्ता सहसा जागतिक आरोग्य संघटना देते, पगार मूळ संस्थेकडे राहतो. सेवाकाळ, विमा आणि आजारी पडल्यास परत आणण्याची जबाबदारी लेखी घ्यावी.

5. लसीकरण लवकर उरकावे. आफ्रिकेतल्या अनेक देशांत पीतज्वर लसीचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. ही लस ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते. म्हणून इच्छुकांनी ती आधीच घेऊन ठेवावी. 2016 पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य धरले जाते.

6. तिथे एकाच प्रमुखाचे ऐकावे. नेमणुकीच्या ठिकाणी सूचना कोण देणार, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. घरच्यांशी बोलण्यासाठी संस्थेतील एक व्यक्ती नेमावी. रुग्णांची छायाचित्रे कुठेही टाकू नयेत.

7. परतल्यावर लक्ष ठेवावे. इबोलाच्या भागातून आलेल्याने 21 दिवस रोज ताप मोजावा. हिवतापाची प्रतिबंधक गोळी डॉक्सिसायक्लिन असेल, तर परतल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते. परतलेल्यांना मोकळेपणाने बोलू द्यावे आणि आल्या आल्या रात्रपाळी लावू नये, ही प्रत्येक संस्थाप्रमुखाला विनंती.