ग्रीनहाऊसचं जोतं: कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च



व्हिडिओत मापं जरा भराभर गेली, म्हणून इथे नीट लिहून देतो.

नर्सरीसाठी १२ बाय ९ फुटांचं छोटं ग्रीनहाऊस घ्यायचं म्हटलं की सगळी घासाघीस फ्रेम आणि शीटच्या दरावर होते. जोत्याचं काय? "ते गवंडी बघून घेईल." पैसा नेमका इथेच फसतो.

आधी फ्रेम टेपने मोजा, माहितीपत्रकातल्या मापावर जाऊ नका. मग फक्कीने आखणी करून दोन्ही कर्ण तपासा. १२ बाय ९ ला ते बरोबर १५ फूट आले पाहिजेत. थोडा फरक विटांमध्ये खपतो, वर शीट बसवताना नाही खपत.

आता माती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि जोत्याला सोबत घेऊन हलते. मुरूम लागेपर्यंत खोदा. तो फारच खाली असेल तर काळी माती काढून बाहेरचा मुरूम थराथराने भरा, पाणी मारून धुमसून घ्या. वर १:४:८ चं ४ इंच काँक्रीट. बजेट कमी पडलं तर शीट हलकी घ्या, ती पुढे बदलता येते. पाया बदलता येत नाही.

विटांचा हिशेब: ९ इंची भिंत, जमिनीवर दीड फूट. कोपरे आणि ३ फुटी दार वजा करून ३६ फूट लांबी उरते, म्हणजे ४०.५ घनफूट, साधारण १.१५ घनमीटर. १९×९×९ सेंमीच्या विटा घनमीटरला ५०० लागतात. तुटफूट धरून ६०० सांगा, जमिनीखालच्या वेगळ्या. गावठी भट्टीची वीट असेल तर आधी मोजून बघा.

विटा भिजवूनच लावा, मसाला १:६. नंतर निदान ७ दिवस पाणी. पाणी कोण मारणार हे मजुरी ठरवतानाच बोलून घ्या, नाहीतर गवंडी तुमच्याकडे बघतो आणि तुम्ही गवंड्याकडे!

शेवटी वर काँक्रीटची पट्टी, बाहेर किंचित उतार, फ्रेमच्या भोकांप्रमाणे बोल्ट आणि बाहेरून १:४ प्लास्टर. आत फरशी नको, खडी टाका, पाणी मुरतं.

गिऱ्हाइकाला असं काम करून देणार असाल तर कोटेशनमध्ये खोदाई आणि मुरुमाची ओळ वेगळी ठेवा, दर घनफुटावर लिहा आणि एक खड्डा खणून बघितल्याशिवाय आकडा देऊ नका.