पालकाचा वाफा : घरी करावयाचा एक पाठ
(इयत्ता तिसरी ते पाचवी, विषय : परिसर अभ्यास व गणित)

पालक ही मुलांच्या नित्य परिचयाची भाजी होय. बाजारातून आलेली जुडी त्यांनी पाहिलेली असते. परंतु ती भाजी बियांपासून ताटापर्यंत कशी येते, हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. प्रत्येक मुलाने घरी पालकाचे बी पेरावे, रोज पाहणी करावी आणि जे दिसेल तेच वहीत नोंदवावे, असा या पाठाचा हेतू आहे. पालकास थोडी जागा पुरते व सुमारे एक महिन्यात तो कापणीस येतो. म्हणून लहान मुलांसाठी ही भाजी विशेष सोयीची आहे.

हंगाम : पालकास थंड हवा मानवते. आपल्याकडे पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत केलेली पेरणी चांगली साधते. कडक उन्हाळ्यात पाने लहान व राठ होतात आणि फुलोऱ्याचा दांडा लवकर वर येतो.

साहित्य : परसात जागा असल्यास एक मीटर लांब व एक मीटर रुंद वाफा पुरे. एवढ्या वाफ्यास सुमारे ३ ग्रॅम बी लागते. जागा नसल्यास फुटकी बादली, जुना डबा किंवा लाकडी खोके चालेल. त्याची खोली १५ ते २० सेंटिमीटर असावी व पाण्याच्या निचऱ्यासाठी तळाशी भोके पाडावीत. दोन भाग माती व एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण भरावे. ताजे शेण घालू नये. दुकानातील बियांना पुष्कळदा औषध चोळलेले असते. असे बी बहुधा रंगीत दिसते. मुलांसाठी औषध न लावलेले बी मागून घ्यावे. ‘ऑल ग्रीन’ ही जात सर्वत्र परिचित आहे.

पेरणी : बी आदल्या रात्री पाण्यात भिजत घालावे व सकाळी ते पाणी टाकून द्यावे. बियांच्या खरबरीत वेष्टनात उगवणीस अडथळा करणारी द्रव्ये असतात. ती भिजवल्याने निघून जातात आणि पाणी आत लवकर शिरते. मातीत सुमारे दीड सेंटिमीटर खोल रेघ ओढून, बोटाबोटाच्या अंतरावर एकेक बी ठेवावे व वरून माती सारखी करावी. दोन ओळींत एका वितीएवढे अंतर असावे. पाणी झारीने हलके द्यावे. धार धरल्यास बी वाहून एका जागी गोळा होते. पेरलेल्या बियांची संख्या त्याच दिवशी वहीत लिहावी.

उगवण व मोजणी : सुमारे आठ ते दहा दिवसांत दोन लांबट बीजपत्रे घेऊन रोपे वर येतात. मुलांनी ती मोजावीत. येथे या पाठातील महत्त्वाचा प्रसंग येतो. एखाद्या मुलाने २० बिया पेरल्या आणि वहीत मात्र ३१ रोपे लिहिली, असे सहज घडते. मुलगा गोंधळतो, आपली मोजणी चुकली असे त्यास वाटते. कित्येकदा तो भिऊन ३१ हा आकडा खोडतो व २० लिहितो. शिक्षकांनी हा आकडा मुळीच खोडू देऊ नये. मुलाचे डोळे खरे बोलत आहेत.

कारण असे की, आपण ज्यास पालकाचे बी म्हणतो ते एक बी नसते. अनेक लहान फळे एकमेकांस चिकटून झालेला तो एक खडबडीत गोळा असतो व त्यात दोन, तीन, कधी त्याहून अधिक बिया असतात. त्यातील काही उगवतात, काही उगवत नाहीत. आपल्याकडील हा देशी पालक बीटचा सख्खा भाऊ आहे आणि बीटचे बीही असेच असते. विलायती पालक मात्र निराळी वनस्पती आहे. आजच्या वर्गीकरणात दोन्ही राजगिऱ्याच्याच कुळात मोडतात. तथापि विलायती पालकाच्या बियांतून एकेकच रोप येते. हे स्पष्टीकरण शिक्षकांनी मोजणीपूर्वी सांगू नये. भिजलेला एक गोळा मुलांसमोर हलकेच फोडून दाखवावा व आतील बिया त्यांनाच शोधू द्याव्यात.

विरळणी : एका ठिकाणी दाटीने आलेल्या रोपांस माती, पाणी व प्रकाश पुरत नाही. म्हणून तीन-चार खरी पाने आल्यावर दोन रोपांत सुमारे ५ सेंटिमीटर अंतर राहील अशा रीतीने मधली रोपे काढावीत. स्वतः वाढविलेले रोप उपटणे मुलांच्या जिवावर येते. त्यांच्यावर सक्ती करू नये. वाफ्याचे दोन भाग करावेत; एका भागात विरळणी करावी, दुसरा तसाच ठेवावा. तिसाव्या दिवशी दोन्ही भागांतील दहा-दहा पानांची लांबी मोजून सरासरी काढावी. विरळ भागातील पाने सामान्यतः मोठी भरतात. एकूण पाल्याचे वजनही करून पाहावे. त्यात फारसा फरक पडेलच असे नाही. येईल तो आकडा लिहावा. काढलेली कोवळी रोपे टाकून न देता धुऊन वरणात घालावीत.

निगा : माती ओलसर असावी, चिखल होऊ नये. पाणी सकाळी मुळाशी द्यावे. गवत खुरप्याने काढावे. पानामागे मावा दिसल्यास तेवढी पाने तोडून दूर पुरावीत.

कापणी : पाने वीतभर झाली की जमिनीपासून सुमारे ५ सेंटिमीटर वर कापावीत. वाढीचा कोंब गड्ड्याशी असतो. तो राखल्यास नवी पाने फुटतात व पंधरा ते वीस दिवसांनी पुन्हा कापणी मिळते. अशा चार-पाच कापण्या होऊ शकतात.

आहार : पालकात फोलेट व अ जीवनसत्त्व देणारे कॅरोटीन भरपूर असते. थोड्या तेलाच्या फोडणीने कॅरोटीन अंगी लागण्यास मदत होते. पालकाने रक्त वाढते, असे सरसकट सांगितले जाते. तेथे मात्र सत्यास धरून बोलावे. पालकात लोह आहे, पण वनस्पतींतील लोह शरीर थोडेच शोषून घेते. जेवणात लिंबू किंवा आवळा असल्यास ते प्रमाण वाढते. देशात २०१९–२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. एवढ्या मोठ्या उणिवेवर एकटी भाजी पुरी पडत नाही. शाळेत मिळणारी लोहाची गोळी मुलांनी घ्यावी आणि पालकाची पातळ भाजीही खावी.

शिक्षकांस सूचना : कोणाचा वाफा वाळेल, कोणाचा कोंबड्या उकरतील. त्या मुलांनीही आपली नोंद वर्गात वाचावी व पुन्हा पेरावे. सर्वांच्या वह्यांत एकच आकडा आढळल्यास नोंदी एकमेकांच्या पाहून उतरविल्या आहेत असे समजावे. गुण सुंदर वाफ्यास न देता खऱ्या नोंदीस द्यावेत.

स्वाध्याय
१. पेरलेल्या बिया व उगवलेली रोपे यांच्या संख्या शेजारी शेजारी लिहा. फरक का पडला?
२. मेथीच्या २० बिया पेरून त्यांची रोपे मोजा. पालकाशी तुलना करा.
३. विरळणी केलेल्या व न केलेल्या भागांतील पानांच्या सरासरी लांबीचा स्तंभालेख काढा.
४. कापणीनंतर नवे पान किती दिवसांनी दिसले ते रोज पाहून नोंदवा.