उद्याची वीज आजच कशी मोजतात?

पैठणला तुमच्यापैकी अनेकजण सहलीने गेले असतील. नाथांची समाधी पाहून झाली की पुढे जायकवाडीचे धरण, हे ठरलेलेच! जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची ती भिंत, तिचे 27 दरवाजे आणि पलीकडे पसरलेला अफाट नाथसागर पाहताना पायथ्याच्या लहानशा वीजघराकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तेथील यंत्र अवघे 12 मेगावॉटचे आहे. कोयनेच्या 1,960 मेगावॉटपुढे ते अगदीच चिमुकले. परंतु त्याची रचना मोठी गमतीची आहे. ते दोन्ही दिशांनी फिरू शकेल असे बनवलेले आहे. पाणी वरून खाली येते तेव्हा ते टर्बाइन असते व वीज निर्माण करते. उलट फिरवले की तेच यंत्र पंप बनते आणि वीज खर्चून खालचे पाणी पुन्हा वर चढवते.

12 मेगावॉट म्हणजे किती पाणी, याचा हिशेब तुम्हालाही करता येईल. समजा, पाणी 30 मीटर खाली पडते. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान 1,000 किलोग्रॅम असते. गुरुत्व त्वरण ठोकळमानाने 10 धरले, तर एका घनमीटरापासून 1,000 × 10 × 30 म्हणजे 3 लाख ज्यूल ऊर्जा मिळते. 12 मेगावॉट म्हणजे दर सेकंदाला 1 कोटी 20 लाख ज्यूल. भागाकार करा: दर सेकंदाला 40 घनमीटर पाणी! यंत्रात काही ऊर्जा वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात थोडे अधिकच लागेल.

आता तुम्ही विचाराल, वीज मिळवण्यासाठी पाणी खाली सोडायचे आणि वीज खर्चून तेच वर चढवायचे, हा उलटा उद्योग कशासाठी? शिवाय तो तोट्याचाही आहे. चार युनिट वीज खर्चून पाणी चढवले, तर परत मिळताना जेमतेम तीन युनिट मिळतात.

याचे उत्तर विजेच्या स्वभावात आहे. धान्य कणगीत भरून ठेवता येते. वीज तशी मोठ्या प्रमाणात भरून ठेवणे फार कठीण व खर्चाचे. ज्या क्षणी तुम्ही बटण दाबता, त्याच क्षणी कोठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढीच राहिली, तर चढावर सायकल मंदावते तशी सर्व जनित्रे किंचित मंदावतात. आपल्याकडील विजेची सेकंदाला 50 आवर्तने असतात, ती कमी होऊ लागतात. ती फार घसरली, तर यंत्रांच्या रक्षणासाठी एकामागून एक केंद्रे जाळ्यातून सुटतात आणि सर्वत्र अंधार होतो. जुलै 2012 मध्ये उत्तर भारताने असा अंधार लागोपाठ दोन दिवस पाहिला. त्याचे मूळ कारण तारांवरील अतिभार हे होते. परंतु एकदा तोल गेला की सारे जाळे कसे कोसळते, हे त्यातून दिसले.

दुपारी सौर वीज भरपूर व स्वस्त असते. संध्याकाळी सूर्य मावळतो आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. म्हणून दुपारी पाणी चढवावे व संध्याकाळी सोडावे. दुपारची वीज 3 रुपये युनिट असेल, तर चारास तीन या हिशेबाने संध्याकाळचा भाव 4 रुपयांहून अधिक असला तरच हा व्यवहार परवडेल. अकोले तालुक्यात प्रवरेच्या उगमाकडे घाटघर येथे याच तत्त्वावर 250 मेगावॉटचे केंद्र उभे आहे. तीच प्रवरा पुढे गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी नाथसागरात येते.

हिशेब सोपा वाटतो ना? आता त्यातील अडचण पाहा. वीजपुरवठ्यासाठी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 भाग पाडतात. प्रत्येक भागात आपल्या यंत्रापुढे तीन पर्याय असतात: पाणी सोडणे, पाणी चढवणे किंवा स्वस्थ बसणे. पहिल्या दोन भागांचे मिळून 3 × 3 म्हणजे 9 प्रकार होतात, तीन भागांचे 27. पूर्ण दिवसाचे 3 चा 96 वा घात, म्हणजे 46 अंकी संख्या! एक-एक प्रकार तपासत बसलो, तर जगातील सारे संगणक एकत्र आणूनही विश्वाच्या वयाएवढा काळ पुरणार नाही. मग संगणक काय करतो? तो दिवसाच्या शेवटाकडून मागे येतो. शेवटच्या पंधरा मिनिटांत, तलावात अमुक पाणी असेल तर उत्तम काय, हे तो आधी लिहून ठेवतो. त्या उत्तराच्या आधाराने त्याआधीच्या पंधरा मिनिटांचे उत्तर काढतो. असे 96 वेळा केले की काम झाले. काही हजार बेरजा-वजाबाक्यांत उत्तर हाती येते. केवळ वेगाने जे साधले नसते, ते युक्तीने साधते. महाराष्ट्रात तर अशी अनेक केंद्रे आहेत, कोळशाची, पाण्याची, सूर्याची, वाऱ्याची. त्यांचा मेळ ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून घातला जातो.

परंतु या सर्वांसाठी उद्याची मागणी आज कळायला हवी. येथे ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या भारदस्त नावाचे तंत्र उपयोगी पडते. नावाने दबून जाऊ नका. समजा, एका गावाची सायंकाळी सातची मागणी काल 40 मेगावॉट होती आणि मागच्या आठवड्यात याच वारी 36. दोन्हींना सारखे महत्त्व देऊन आपण 38 हा अंदाज केला. प्रत्यक्षात मागणी 37 निघाली. म्हणजे मागच्या आठवड्याला थोडे अधिक महत्त्व द्यायला हवे होते. यंत्र आपले भारांक त्या दिशेने किंचित सरकवते. किंचितच, कारण एका दिवसावरून मत बदलणे शहाणपणाचे नव्हे. तापमान, ढग, सुट्टी, शेतीपंपांच्या पाळ्या अशा असंख्य गोष्टींचे भारांक लाखो जुन्या नोंदींवरून असेच ठरवले, की यंत्र ‘शिकले’ असे म्हणतात. त्याला पंचांगही सांगावे लागते. नाथषष्ठी फाल्गुन वद्य षष्ठीला येते. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. केवळ तारखा पाहणाऱ्या यंत्राला पैठणची यात्रा कधी सापडणार नाही!

ढगांचा अंदाजही हवा, कारण एक दाट ढग सौर केंद्राचे उत्पादन बघता बघता खाली आणतो. हवामानाच्या अशा गणितासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 2024 साली ‘अर्क’ हा महासंगणक सुरू झाला.

मात्र शिकलेले यंत्र फसते केव्हा, तेही पाहू. 5 एप्रिल 2020 रोजी, टाळेबंदीच्या काळात, रात्री नऊ वाजता देशभर लोकांनी नऊ मिनिटे दिवे मालवले. असा प्रसंग पूर्वीच्या नोंदवहीत कोठेच नव्हता. मागणी 12 ते 14 हजार मेगावॉटने घटेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे 31 हजार मेगावॉटने घटली! दुपटीहून मोठी चूक. तरीही देशात अंधार झाला नाही. अभियंत्यांनी अंदाजावर सारी भिस्त न ठेवता जलविद्युत् केंद्रे हाताशी ठेवली होती. कोळशाची भट्टी चटकन मंद करता येत नाही, पाण्याची झडप मात्र येते. अर्ध्या तासाच्या आत जलविद्युत् सुमारे साडेपंचवीस हजार मेगावॉटवरून आठ हजारांपर्यंत उतरवली आणि दिवे लागताच पुन्हा चढवली. आवर्तने 49.70 ते 50.26 या दरम्यान राहिली. मला विचाराल, तर आपल्या वीज-इतिहासातील ही सर्वांत देखणी नऊ मिनिटे.

पैठणला परत येऊ. येथे आणखी एक प्रश्न आहे, आणि तो गणिताचा नाही. संगणकाला ‘जास्तीत जास्त पैसे मिळव’ एवढेच सांगितले, तर तो भाव चढताच पाणी सोडील. ते पाणी उन्हाळ्यात कालव्यांना हवे आहे, छत्रपती संभाजीनगरच्या नळांना हवे आहे, हे त्याला ठाऊक नसते. ‘तलावातील पातळी या रेषेखाली जाता कामा नये’ अशी अट माणसाला घालावी लागते. ती रेषा कोठे आखायची, हे यंत्र सांगत नाही. ती आखणाऱ्याने मराठवाड्याचा एखादा मे महिना पाहिलेला असावा, असे मला वाटते.

आता घरी एक प्रयोग करा. रोज सकाळी सात वाजता विजेच्या मीटरवरील आकडा वहीत लिहा आणि कालच्या आकड्यातून वजाबाकी करून रोजचा खप काढा. दोन आठवडे झाले, की दररोज रात्री दुसऱ्या दिवशीच्या खपाचा अंदाज आधी लिहून ठेवायचा: एक कालच्या खपावरून, दुसरा मागच्या आठवड्यातील त्याच वारावरून, तिसरा दोन्हींच्या सरासरीने. महिनाअखेर तिघांच्या चुकांची बेरीज करा. ज्या दिवशी तिन्ही अंदाज एकदम चुकले, त्या दिवशी घरी काय झाले होते, तेही त्याच ओळीत लिहा. पाहुणे आले होते काय?