विषमता मोजायची कशी?

"गरीब अधिक गरीब झाला" असे आपण सभेत नेहमी बोलतो. परंतु किती, असे कोणी विचारले तर आपण गप्प बसतो. विद्यार्थी मित्रांनी म्हणूनच हे मोजमाप शिकून घेतले पाहिजे.

नोकरदाराचे उत्पन्न पगारपत्रकावर असते. लोहा तालुक्यातील मजुराचे कोठेच लिहिलेले नसते. मजुरी हंगामापुरती, सालगड्याला पैशाबरोबर धान्य, कोरडवाहू पीक पावसाच्या भरवशावर. नुसत्या एकरांवरूनही अंदाज चुकतो. शेत किफायतशीर आहे की नाही हे केवळ आकारावर नव्हे, तर त्यात लागणाऱ्या भांडवल व श्रमाच्या प्रमाणावर ठरते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ सालच्या निबंधातच मांडले होते.

म्हणून १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबाचा खर्च विचारण्याची रीत पडली. दांडेकर व रथ यांचा १९७१ सालचा गरिबीवरील अभ्यासही खर्चाच्याच आकड्यांवर उभा आहे. ही रीत सोयीची आहे, पण तिच्यात एक खोट आहे.

समजा, पाच घरांचे वार्षिक उत्पन्न २०, ३०, ४०, ६० आणि १५० हजार रुपये आहे. एकूण तीन लाख, सरासरी साठ हजार. पण तीन घरे सरासरीच्या खाली आहेत आणि निम्मे उत्पन्न एकाच घरात जाते. आता त्यांचा खर्च पाहा : ३०, ३६, ४२, ५४ आणि ७८ हजार. येथे वरच्या घराचा वाटा निम्म्यावरून एक तृतीयांशाहूनही खाली येतो. इटलीच्या जिनी यांनी १९१२ साली सुचविलेल्या गुणांकात शून्य म्हणजे पूर्ण समता व एक म्हणजे टोकाची विषमता. तो उत्पन्नावरून काढला तर ०.३९ येतो, खर्चावरून ०.१९.

विषमता निम्मी झाली काय? मुळीच नाही. खालच्या तीन घरांनी कर्ज काढून चूल पेटती ठेवली आणि वरच्या घराने ७२ हजार शिल्लक टाकले. खर्चाच्या आकड्यात सावकाराचे कर्ज सुबत्तेसारखे दिसते.

तेव्हा आपल्या वस्तीची पाहणी करताना खर्चाबरोबर घरातील माणसे, मिळालेले धान्य व डोक्यावरील कर्ज हेही अवश्य विचारा. हक्क मागताना हातात खरा आकडा असला, तर आपले म्हणणे कोणाला सहज टाळता येणार नाही.